थोरली रुई, धाकटी विमलबाई

मी, त्रिंबक आबाजी खरसाडे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शेती व रोपे, राहणार मौजे कवठेवाडी, चकलांब्याजवळ, तालुका गेवराई, जिल्हा बीड, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या बुद्धीविषयी माझी पत्नी विमलबाई हिचे मत वेगळे आहे आणि ते तिने वेळोवेळी, बहुधा चारचौघांत, बोलून दाखवले आहे. ते या कामी ग्राह्य धरू नये.

गेवराईचे वकील अमरसिंह यांनी मला आधी एक सुबक मसुदा करून दिला होता. एका पानात सगळे आटोपले होते. पण त्यात माझी एक बायको गाळली होती. विचारले तर म्हणाले, "तात्या, झाडाला वारस म्हणून लावता येत नाही." मी म्हणालो, वारस लावू नका, पण नाव तर घाला. ते हसले. म्हणून हा कागद मी माझ्या हाताने लिहीत आहे. वकिलांचा राग नाही. त्यांनी माझ्याकडून नेलेले लिंबाचे रोप चांगले धरले आहे असे ऐकतो.

मृत्युपत्राची गरज का पडली ते आधी सांगतो. माझा चुलतभाऊ बंकट गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आधी वारला. त्याची बायको रतनबाई. आमच्या गावात शेवंती म्हणजे रतनबाईची, हे ठरलेले. नवरात्रात देवीला, दिवाळीत दारांना आणि एरवी पोरींच्या वेणीला तिच्याच वाफ्यातली फुले जात. बंकटला उचलायच्या आधी, गावाच्या रीतीभाती सांभाळणाऱ्या बायनाबाईने चार बायका जमवल्या आणि रतनबाईचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या, केसांतले फूल ओढून काढले. वास्तविक हे सगळे बंद करण्याचा ठराव आमच्या ग्रामसभेने त्याआधीच एकमताने केला होता. टाळ्याही झाल्या होत्या. सर्वांत मोठी टाळी बायनाबाईची होती. बारावे झाल्यावर रतनबाईने शेवंतीचा वाफा मुळासकट उपटला आणि उकिरड्यावर नेऊन टाकला. "आता कुनासाठी लावू?" एवढेच म्हणाली.

विमलबाई ते बघून घरी आली. तिच्या पुढ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे सूप होते, पण तिने त्या ओवायला घेतल्या नाहीत. मला म्हणाली, "तुमी आधी गेले तर माज्या मोगऱ्याचं काय करू?" लग्न झाल्यापासून तिच्या प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर देत आलो आहे, चुकीचे का होईना. याचेही शोधायला बसलो. आधी जायचेच नाही, हा एक उपाय होता. पण डॉक्टर त्याची खात्री द्यायला तयार नाहीत. म्हणून हा कागद. माझ्यामागे विमलबाईच्या केसांत मोगरा राहावा, यासाठी तो आहे. घर, शेत, पैसे हे ओघाने आले.

कलम १. माझ्या पत्नी. मला एकंदर चार पत्नी. पहिली कौसाबाई. तिला निंदणी करताना पान लागले; साप कुठला ते कोणी पाहिलेही नाही. दुसरी प्रयागबाई काविळीने गेली. दोघी चांगल्या होत्या, दोघींची आठवण येते, आणि हे विमलबाईपासून लपलेले नाही. दोन बायका गेल्यावर मला कोणी मुलगी देईना. लोक मला बघून आपल्या पोरी घरात घ्यायचे. शेवटी मांजरसुंब्याकडच्या एका घराने होकार दिला, पण भटजींनी आडवी काठी घातली. म्हणाले, याची तिसरी टिकायची नाही. यावर आमच्याकडे जुनी रीत आहे. तिसरे लग्न रुईच्या झाडाशी लावायचे. जे काय वाईट व्हायचे ते रुईवर जाते, आणि मागून येणारी बाई चौथी ठरून सुखरूप राहते.

त्याप्रमाणे शेजारी भागवत याच्या बांधावरच्या रुईशी माझे लग्न लागले. हळद लागली, अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली, फांदीला मंगळसूत्र बांधले, आणि गावाला बुंदीचे जेवण दिले. बायनाबाई तेव्हा गावात नवी नवरी होती. तिने अक्षता टाकल्या आणि बुंदी दोनदा घेतली. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून नोंदवून ठेवतो.

जेवणे उरकल्यावर भटजी म्हणाले, आता हिला उपटून ओढ्यात टाक, हिचे काम झाले. मी कुदळ घेऊन गेलो आणि तसाच उभा राहिलो. दोन बायका डोळ्यांदेखत गेल्या होत्या. तिसरीला स्वतःच्या हाताने मारायला माझा हात धजेना. बरे, लग्न लावून नवरीला माहेरीच ठेवायचे हेही मला शोभेना. म्हणून मी तिला मातीच्या गड्ड्यासकट खोल खणून काढले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि बैलगाडीत घालून घरी आणले. भटजी गाडीमागे ओरडत आले, की अरे, रीत तशी नाही. मी म्हणालो, सासरी आणायची रीत तर आहे ना.

माझी आई दाराकडे पाठ करून बसली होती. झाडावरून भाकरतुकडा कसा ओवाळायचा, असा तिला प्रश्न पडला होता. पण गाडी दारात, बघायला आख्खी आळी गोळा झालेली. शेवटी उठली, रुईवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मला म्हणाली, "मागच्या दाराने ने मेल्या, पुढून नको."

परसात लावल्यावर रुईने माना टाकल्या. या झाडाचे मूळ खोल जाते. तोडले तर फुटते, पण हलवलेले तिला खपत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला झाडांतले काहीच माहीत नव्हते. मी तिच्यावर पाचटाची सावली केली, पाणी जास्त झाले की माती मोकळी केली, आणि दिसेल त्या जाणत्याला विचारत सुटलो. पुढे बुडातून हिरवा कोंब आला तेव्हा मी ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. आई म्हणाली, पोराला वेड लागले. लागलेच होते. त्यानंतर मी जे दिसेल ते लावत गेलो. आज तालुक्यात लोक मला रोपांसाठी ओळखतात, त्याचे मूळ ते. खोड दोनतीनदा वाळून नवे फुटले आहे, पण मूळ तेच आहे. सबब माझी तिसरी पत्नी हयात आहे.

चौथी विमलबाई. तिच्या लग्नाला तेवढ्याच लोकांनी परत बुंदी खाल्ली. घरात आल्यावर तिने परसात मंगळसूत्र घातलेले झाड पाहिले आणि हे कोण म्हणून विचारले. मी म्हणालो, तुझी थोरली. तिने झाडाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "बोलत न्हाई ना? मग चालतंय." आमचा संसार सुरू झाला.

कलम २. भागवत लिंबाजी पवळ. रुई भागवतच्या बांधावर होती, म्हणून भटजींनी त्याला मुलीचा बाप केले आणि त्याच्याकडून कन्यादान करून घेतले. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याचे स्वतःचे लग्न तेव्हा झाले नव्हते. पण त्या दिवसापासून तो माझा सासरा झाला, तो आजतागायत. माझ्या घरी आला की बाजेवर बसतो, मला खाली बसवतो. पाण्याच्या पाळीवरून भांडण निघाले की म्हणतो, "लेक दिली तुला, याद राख बे." मी म्हणतो, सासरा आहेस तर सासऱ्यासारखा वाग. अधिक महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे असतात. अधिक महिने कितीक आले आणि गेले, याने मला एक अनारसा दिलेला नाही. त्याचे उत्तर, लेक कधी माहेरी येऊन तुझी तक्रार करत नाही, म्हणजे तुझे सगळे बरे चालले आहे, वाण कशाला.

वकिलांनी सांगितले, की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये. हे ऐकून मला फार बरे वाटले. भागवतला साक्षीदार केले आहे.

कलम ३. शेत. ओढ्यालगतची माझी स्वतःची जमीन मुलगा रामप्रसाद आणि मुलगी मनिषा यांना निम्मी निम्मी. ओढ्याकडची निम्मी मनिषाला. ती बाजू भारी आहे हे रामप्रसादला माहीत आहे. मनिषाने त्या बाजूला स्वतः सीताफळे लावली आणि नांदायला गेल्यावरही दर उन्हाळ्यात येऊन आळी केली. रामप्रसाद चाकणला कारखान्यात असतो. तो उन्हाळ्यात येतो तेव्हा सीताफळे कधी लागतात असे विचारतो. तो वाईट मुलगा नाही. त्याला झाड दिसत नाही, जागा दिसते. काहींचे डोळे तसे असतात.

कलम ४. घर व पैसे. राहते घर, भांडीकुंडी, शेळी आणि चकलांब्याच्या बँकेत जे काही असेल ते सर्व विमलबाईचे. तिने ते कसे खर्च करावे याबद्दल मला काही म्हणायचे नाही. म्हटले असते तरी तिने ऐकले नसते.

कलम ५. हत्यारे. कलमे बांधायचा चाकू मनिषाला. त्याने भाजी चिरू नये. दोन कुदळी रामप्रसादला, आठवण म्हणून; तो त्या चाकणला भिंतीवर लावील तरी चालेल. झारी, खुरपी आणि फवारणीचा पंप परसाबरोबर राहील. पंपाचा पट्टा तुटलेला आहे. तो मी तोडला नाही. कोणी तोडला ते भागवतला विचारावे.

कलम ६. परसू. घरामागचे परसू, पूर्वेस रस्ता, दक्षिणेस भागवतचा गोठा, पश्चिमेस मारुतीचे देऊळ, उत्तरेस ओढा, या चतुःसीमेतील सर्व जागा विमलबाईच्या मालकीची, आणि तिच्यानंतर मनिषाची. रामप्रसादने मला दिवाळीत पावलांनी मोजून दाखवले, की दादा, इथे चार गाळे बसतात, चकलांब्याचा रस्ता रुंद होतोय, दुकाने लाईनीत येतील. मी त्याला म्हणालो, बाबा, इथे आधीच लोक बसले आहेत.

ते लोक कोण, ते या ठिकाणी लिहिणे जरूर आहे, कारण त्यांच्यावर माझा मालकीहक्क नाही. आमच्या गावातली बरीच घरे दसरा झाला की ऊसतोडीला जातात. घराला कुलूप लागते, शेरडे गाडीत चढतात, पण तुळस नेता येत नाही. पूर्वी ऊसतोडीला जाताना पहिल्यांदा बंकट आणि रतनबाईने आपली तुळस माझ्याकडे आणून ठेवली. जो माणूस रुई जगवतो तो तुळस मरू देणार नाही, असा त्यांचा हिशेब. मग सगळेच आणू लागले. रंगाच्या बादलीतली, तेलाच्या डब्यातली, एक तर फुटक्या कमोडमधली. धुऊन घेतला होता असे मालक शपथेवर सांगतात. सहा महिने माझ्या परसात चालायला वाट नसते. कार्तिकात तुळशीची लग्ने लागतात तेव्हा मालक लोक उसाच्या फडात. मग त्या सगळ्यांची लग्ने मी लावतो. इतक्या मुली उजवलेला बाप जिल्ह्यात दुसरा नसेल. फडातून फोन येतात. "तात्या, आमच्या तुळशीला ऊस बांधला का?" दिवसभर ऊस तोडणारी बाई असे विचारते. मी फोन तुळशीपुढे धरून मंगलाष्टके ऐकवतो आणि पलीकडे पाचटाच्या कोपीत बसलेली माणसे हातातले तांदूळ तिकडेच टाकतात.

ही सर्व झाडे ज्याची त्याला पाडव्याला परत द्यावीत. अदलाबदल करू नये. प्रत्येक बाई आपली तुळस ओळखते. एकदा मी ऊसतोडीवरून आलेल्या मुंजाजीच्या घरी चुकून दुसऱ्याची दिली, तर त्याची म्हातारी दारातच म्हणाली, "ही आमची न्हाई. आमची अशी मान वाकडी करत न्हाई."

परसाच्या कोपऱ्यातली शेवंती माझी नाही. रतनबाईने उकिरड्यावर टाकलेली मुळे मी उचलून आणली आणि लावली. यंदा फुलली आहे. ती रतनबाईची अमानत आहे. हे एक देणे माझ्या मरणाची वाट बघणार नाही. तिने हो म्हटले, की लगेच पोहोचते होईल.

कलम ७. किरकोळ तक्रारी. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. ती पाने लोक माझ्या परसातून नेतात. न्यावीत, पण विचारून न्यावीत. ती कोणाची तरी बायको आहे, आणि देव ब्रह्मचारी आहे. मारुतीरायाने आजवर तक्रार केलेली नाही, तरी आपण रीत सोडू नये. तसेच एक गृहस्थ स्वतःच्या तिसऱ्या लग्नासाठी माझी रुई मागायला आले होते. त्यांना मी चहा पाजून परत पाठवले. माझ्यामागे असे कोणी आल्यास चहाही पाजू नये.

कलम ८. थोरली व धाकटी. या दोघींचे संबंध कसे होते हे माहीत असल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही. विमलबाई रुईला सवत म्हणते. मी परसात जास्त वेळ बसलो, की घरातून आवाज येतो, "तिकडंच जेवा आता." न्हाणीचे गरम पाणी तिच्या बुडात ओतीन अशी धमकी मी अनेकदा ऐकली आहे. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालताना सगळ्या बायका सात जन्म हाच नवरा मागतात. विमलबाईने एकदा, बायनाबाईच्या देखत, मोठ्याने सांगितले, की पुढचे सात जन्म हा रुईला द्यावा, तिला पाणी लई कमी लागते, तिचे निभेल.

पण तिने गरम पाणी कधी ओतले नाही. ते तिने मोगऱ्याकडे चारी काढून, गार करून सोडले. मोगऱ्याची काडी तिने माहेरून पदरात बांधून आणली होती. तिच्या पाठोपाठ अबोली आली, गुलबास आला. शाळेला जाणाऱ्या पोरी आमच्या दारात डोके पुढे करून उभ्या राहतात आणि विमलबाई एकेकीला फूल माळून पाठवते. अलीकडे तिचे गुडघे धरले आहेत. रुईचे पान तेल लावून, गरम करून गुडघ्याला बांधतात. पान तोडताना ती रुईशी काहीतरी बोलते. मी जवळ गेलो की थांबते.

कलम ९. वैधव्य. आता मुख्य मुद्दा. बायनाबाई ठराव मानत नाही हे वर आले आहे. मेलेल्या माणसाचा कागदही ती मानणार नाही. ती रीत मानते. म्हणून तिच्याशी रीतीनेच बोलतो. माझे तिसरे लग्न रुईशी यथासांग लागले. बायनाबाईने त्याला अक्षता टाकल्या, बुंदी दोनदा खाल्ली. सबब ते लग्न तिला नाकारता येत नाही. रुई थोरली, विमलबाई धाकटी. थोरली समोर असताना धाकटीने कशातही पुढे होऊ नये, हे बायनाबाई गावातल्या सगळ्या सुनांना सांगत आली आहे. आणि एका माणसाच्या मागे वैधव्य एकच असते. ते थोरलीने घेतले, की धाकटीला उरत नाही.

तरी माझ्या मृत्यूने जे काही वैधव्य येईल ते रुईला यावे. तिला तुळशीच्या लग्नात लागलेले हळदकुंकू बायनाबाईने स्वतः परसात जाऊन पुसावे. पुसताना डोळे सांभाळावेत. रुईचा चीक डोळ्यांना वाईट. फांदीवरचे मंगळसूत्र काढावे. बांगड्या रुई घालत नाही. एवढ्यावर हा विधी पुरा झाला असे समजावे. विमलबाईच्या कुंकवाला, बांगड्यांना आणि मोगऱ्याला कोणीही हात लावू नये. ती हळदीकुंकवाला जाईल, आणि तिला बोलावण्यात येईल.

वकील अमरसिंह म्हणाले, याला कायद्यात काही अर्थ नाही. मला ते माहीत आहे. हे कलम कायद्यासाठी नाही, बायनाबाईसाठी आहे.

कलम १०. कलम ९ बाबत झालेली चर्चा. हे कलम नंतर जोडले आहे. काल भागवतला सहीसाठी बोलावले आणि सगळे वाचून दाखवले. अनारशाच्या ठिकाणी त्याने तंबाखू मळायला घेतली. कलम ९ संपले तसा बाजेवरून उठला. "माज्या लेकीला इधवा करतो व्हय बे?" म्हणाला. मी हसलो, पण तो हसला नाही. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, त्या वेळी मी पोरगा होतो, बापाची शेती, बापाचा बैल, मला कोणी कशात विचारत नव्हते. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाचा तरी बाप झालो, गाव मला यजमान म्हणाले. तुला ती थट्टा वाटली असेल. मी सही करणार नाही, असे तो म्हणाला. इतकी वर्षे मी या माणसाशी भांडत आलो आणि हे मला माहीत नव्हते.

मग मी विमलबाईकडे बघितले. मला वाटले, ती तरी माझ्या बाजूने बोलेल. तिच्याचसाठी तर हे चालले होते. ती चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "भावजी बरुबर बोलतेत. तिनं एकदा माज्यावरचं घेतलंय. आता दुसऱ्यांदा मागू कोन्या तोंडानं?"

मी कागद खाली ठेवला. ज्या बाईने सवत सवत म्हणून जन्म काढला, ती त्या झाडाचे उपकार मोजत होती, आणि मी मात्र दोघींच्या मधे वकिली करत बसलो होतो. मला लाज वाटली. आणि बरेही वाटले. पण रतनबाईचा रिकामा वाफा डोळ्यांपुढून हलेना. मी दोघांना तेवढेच सांगितले, की मला दुसरे काही सुचत नाही. तुम्हाला सुचत असेल तर सांगा, मी तसे लिहितो.

कोणालाच सुचले नाही.  भागवत तसाच परसात गेला. आम्हाला खिडकीतून दिसत होता. टोपी काढून तो रुईपुढे उभा राहिला, मग खाली बसला, तिच्या बुडाजवळची माती उगाच हाताने सारखी केली. परत आला तेव्हा कोणाकडे न बघता म्हणाला, "आन कागद."

विमलबाई म्हणाली, थांबा, माझी एक अट आहे. "ती इधवा झाली तरी रोज मोगरा घालीन मी तिला. माज्या आधी. अन् रतनबाईला बी घालीन. कोन काय म्हनतंय ते बघते."

मी तिला म्हणालो, अग, या अटीने माझा सगळा मुद्दाच कोसळतो. विधवेने फूल माळलेले चालत असेल, तर वैधव्य रुईवर घालायची गरज काय उरली?

ती म्हणाली, "बायनाबाईला गरज हाय. मला न्हाई."

ही अट मला मंजूर आहे. ती कलम ९ च्या विरुद्ध जाते हे मला समजते. जिथे विरोध येईल तिथे विमलबाईचे खरे धरावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मनिषाने करावी. ती तहसीलदारासारखे बोलते आणि रामप्रसाद तिला घाबरतो. मी जिवंत आहे तोवर वरील सर्वांचा मालक मीच, आणि मला वाटेल तेव्हा यात बदल करीन; रुई आणि विमलबाई या दोघींपुढे मात्र मी कधीच मालक नव्हतो. हा कागद मी वाचला, विमलबाईला वाचून दाखवला, दोन ठिकाणी तिच्या सांगण्यावरून खोडला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : मौजे कवठेवाडी, ता. गेवराई, जि. बीड
तारीख : १४ नोव्हेंबर २०२५

सही : त्रिंबक आबाजी खरसाडे

साक्षीदार :

१. अभिमन्यू दगडू शेंडगे, निवृत्त शिक्षक, राहणार कवठेवाडी. त्रिंबकराव यांनी माझ्यासमक्ष सही केली. ते शुद्धीवर होते. मजकुराशी माझा संबंध नाही. शुद्धलेखन मी तपासले आहे.

२. भागवत लिंबाजी पवळ, राहणार कवठेवाडी. साक्षीदार, आन मुलीचा बाप म्हनून संमती. तिला इचारून आलो. न्हाई म्हनली न्हाई.